नको म्हणता न येणारा माणूस

गल्लीच्या तोंडाशीच मोटारसायकल बंद व्हायची. उतारावरून ती तशीच घरंगळत आमच्या दारापर्यंत यायची. "गाडीच्या आवाजानं म्हाताऱ्या माणसांची झोप मोडती," असं माणिकअण्णांचं म्हणणं. आणि मग दारातून असा खणखणीत आवाज निघायचा की म्हातारी, तरणी, पाळण्यातली, सगळीच जागी व्हायची. "कौसाक्का! आधण ठेवलीस का न्हाई?"

कौसाक्का म्हणजे माझी आई. आणि माणिकअण्णा म्हणजे आमच्या निर्णा गावातल्या पाटीलवाटेवरच्या थोरल्या घरातले शेतकरी. तूर, सोयाबीन, थोडा ऊस, दारात ट्रॅक्टर. आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बौद्धांच्या गल्लीत. मधे शाळा, मारुतीचं देऊळ आणि बरंच काही. ते बरंच काही ओलांडून हा माणूस जवळजवळ रोज सकाळी आमच्याकडे चहाला यायचा.

दिसायला म्हणाल तर मोठा ऐवज होता. पोट गाडीच्या टाकीवर टेकलेलं, खांद्यावर टॉवेल, आणि कानात सदा गाडीची किल्ली. कान खाजला की किल्ली, विचार पडला की किल्ली. बैलांना कानडीत हाकायचे, शिव्या दखनी उर्दूत द्यायचे, आणि देवाशी मराठीत बोलायचे. "बैलाला कानडी कळती, देवाला न्हाई कळत," म्हणायचे. बाजारात हिशेब करताना कोणती भाषा, असं एकदा मी विचारलं तर म्हणाले, "समोरच्याला जी येत न्हाई ती."

बाहेर ओट्यावर बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चपला काढून थेट आत, चुलीजवळच्या पाटावर. चहा बशीत ओतायचा, फुंकर मारायची, आणि सुर्रकन आवाज काढत प्यायचा. तो आवाज शेजारच्या घरापर्यंत जायला पाहिजे, असाच त्यांचा बेत असावा. पिऊन झालं की "बस झालं बघ, अक्का" आणि कप पुन्हा पुढे. दुसऱ्यांदा "घोटभर." अण्णांचा घोट म्हणजे कप गळ्यापर्यंत भरलेला.

एकट्यानं मात्र ते कधी प्यायचे नाहीत. आईनं आपला कप घेतल्याशिवाय बशी तोंडाला लागायची नाही. "पाहुण्याला एकट्याला प्यायला लावती व्हय? इख घातलीस का काय त्यात?" मग आई हसत आपलाही कप भरायची.

हे आता सांगायला गोड वाटतं. पण त्याच्या मागचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझा आजा अण्णांच्या वडिलांकडे सालगडी होता. त्याचा कप गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. कान तुटलेला, चिनीमातीचा. आज्यानं तो आपला आपण घ्यायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, धुऊन परत ठेवायचा. आणि त्या घरचं कोणी आमच्याकडे पाणी पिण्याचा तर प्रश्नच नव्हता. अण्णांचे वडील गेले, तेरावं उरकलं, आणि दुसऱ्याच दिवशी अण्णा आमच्या दारात. आई सांगते ना, तिला वाटलं, कामाला बोलवायला आलेत. तर हे बूड टेकवून आत बसले आणि म्हणाले, "अक्का, चहा कर."

आई सांगायची, "पयल्यांदा आलेलं माणूस. चहा फिक्का निघाला तर म्हणायचं, ह्यांच्यात काय हाय! मी डबाच उपडा केला."

तेव्हापासून आमच्या घरचा चहा म्हणजे पाक. बोटाला चिकटायचा. आणि अण्णा आमच्याकडे पिऊन गेले म्हणजे दगडूमामाकडे जायला हवं, दगडूमामाकडे गेले की शांताबाईकडे. कुणाकडे राहिलं की ते रुसायचं. अख्ख्या गल्लीत चढाओढ लागली, कुणाचा चहा जास्त गोड. कोनाड्यातल्या त्या कपाबद्दल अण्णा कधी एक शब्द बोलले नाहीत. माफी नाही, भाषण नाही. नुसता चहा पीत राहिले.

मग त्यांना साखर निघाली.

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स. हुमनाबादला खोली करून राहते, रविवारी घरी येते. अण्णांच्या डोळ्याला अंधारी आली म्हणून मीच त्यांना तपासायला बोलावलं होतं. साखर वाढलेली, रक्तात चरबी, रक्तदाब चढलेला, पोट तर दिसतच होतं. डॉक्टर म्हणाले, "ही चारी एका घरातली भावंडं आहेत, एक आलं की बाकीची मागोमाग येतात. गोड बंद, मीठ कमी, रोज चालणं, आणि गोळी न चुकता." अण्णांनी मान डोलावली, किल्ली कानात फिरवली, आणि खरंच आठ-पंधरा दिवस पाळलं.

त्या दिवसांतलीच गोष्ट. दगडूमामाच्या दारात त्यांनी हात जोडले. "आज चहा नको, मामा."

दगडूमामा म्हणजे माझ्या आज्याच्या बरोबरीचा म्हातारा. डोळ्यानं अधू, कानानं तिखट. तो आवाजाकडे तोंड वळवून म्हणाला, "कामून अण्णा? घरून कुणी बोललं काय?"

बस्स. एवढंच. मी तिथंच उभी होते. शांताबाई भांडी घासायची थांबली. सगळ्यांना कोनाड्यातला तो कप दिसत होता, अण्णांनाही दिसत असणार. ते आत गेले, पाटावर बसले, कप संपवला आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाले, "घोटभर अजून."

बाहेर आल्यावर मी त्यांना झाडलंच. "अण्णा, साखर आहे म्हणून सांगता येत नव्हतं का? जीभ झडली होती?"

ते म्हणाले, "सुजाता, तू न्हाई म्हणलीस तर तब्येत. मी न्हाई म्हणलो तर जात. किती जणाला रिपोर्ट दाखवत फिरू?"

खरं सांगायचं तर मला मनातून बरंच वाटलं. नर्स म्हणून वाईट वाटायला पाहिजे होतं. पण मी त्या गल्लीतली लेक आधी आहे, नर्स नंतर झाले. थोरल्या घरचा माणूस डॉक्टरचं मोडतो पण आमच्या दगडूमामाचं मोडत नाही, याचा मला अभिमान वाटला. अभिमानानं कुणाची साखर उतरत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्यानंतर मी रक्तदाबाचं यंत्र घरी आणायला लागले. रविवारी सकाळी अण्णा पाटावर बसले की मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधायची. गल्लीतली चार माणसं दारात जमायची. अण्णा बाही सरकवायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, "आधी घरच्याचं बघ गं, मग पाहुण्याचं. आधी कौसाक्काचं बघ."

"तिला काय झालंय? जन्मभर रानात राबलेली बाई. अंगावर मांस तरी आहे का? हे तुमच्यासारख्या पोटवाल्यांचे आजार आहेत, अण्णा." असं म्हणायची मी. नर्स! सगळे हसायचे. आईसुद्धा हसायची आणि पदरानं तोंड पुसून पाण्याचा तांब्या तोंडाला लावायची.

एका रविवारी अण्णा अगदी खुशीत आले. मधेच कुठंतरी खाजगीत तपासून आले होते. "खालचा आकडा उतरला बघ! आता बीपी चाललं गावाला." गोळी त्यांनी आपल्या मनानंच अर्धी केली होती.

मी मोजलं. खालचा उतरला होता खरा, पण वरचा छताला लागला होता. दोन्हींमधे ही भली मोठी दरी. मी म्हटलं, "अण्णा, हे चांगलं लक्षण नाही. तुमच्या रानातली ठिबकची नळी आठवा. नवी असती तेव्हा पाणी सोडलं की जरा फुगती, मोटार थांबली की हळूच बसती. उन्हात वाळून कडक झाली की?"

"फुगत न्हाई. तडकती."

"काळजातून निघणारी मोठी नळी तशीच. साखरेनं, चरबीनं, वयानं ती कडक झाली की फुगतच नाही. दर ठोक्याचा सगळा धक्का पुढे जातो, डोक्यापर्यंत. म्हणून वरचा आकडा चढतो. आणि फुगून हळूहळू सोडणारी नळीच उरली नाही म्हणून खालचा पडतो. खालचा पडला म्हणून खूश होऊ नका."

अण्णांनी सगळं नीट ऐकलं. चुलीकडे बघितलं. चहा उतू चालला होता. "नळी बदलून मिळती का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "मग जपून वापरू," म्हणाले, आणि बशी पुढे केली. "घोटभर."

त्या दिवशी मी हुमनाबादला परत निघताना आईला बाजूला घेतलं. बस यायची वेळ झाली होती, घाईत होते. म्हटलं, "अण्णाच्या चहात साखर घालायची नाही. गल्लीतही सांग सगळ्यांना. माणूस जाईल आपल्या हातून." आईचा चेहरा उतरला. पण तिनं सांगितलं. घरोघर जाऊन सांगितलं. आणि गल्लीनं ऐकलं, अगदी शब्दाला जागून. अण्णांच्या चहात पुन्हा कुणी साखर घातली नाही.

पुढचे काही महिने माझी घरची फेरी कमी झाली. दवाखान्यात कामाला माणसं कमी, सुट्टी मिळेना. फोनवर विचारायची, "अण्णांची साखर बंद आहे ना?" आई म्हणायची, "शपत घे. एक कण न्हाई." मी निर्धास्त. अण्णा खाजगीत साखर तपासून फोनवर आकडा सांगायचे, तो मात्र चढतच होता. ते गोळ्या चुकवत असणार म्हणून मी त्यांनाच फोनवर फैलावर घ्यायची, आणि ते बिचारे "व्हय, व्हय" म्हणायचे.

एकदा रजा मिळाली, न सांगता घरी आले. सकाळी हाक आली, आधण ठेवलं गेलं, आणि आईनं फडताळातून गुळाची ढेप काढली. चांगला मुठीएवढा खडा फोडून पातेल्यात टाकला.

"हे काय करायलीस?" मी ओरडलेच.

"साखर कुठं घालायलाव? गूळ हाय. गुऱ्हाळावरून आणलेला, बिनकेमिकलचा. गूळ औषधी असतो. सगळी गल्ली गुळाचाच द्यायली अण्णाला."

अण्णा पाटावरून कौतुकानं म्हणाले, "साखर सोडल्यापासून चहाला काय चव आली बघ, सुजाता! आता तीन कप जायलेत."

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, पोटात गेल्यावर गूळ कुठला आणि साखर कुठली! दवाखान्यात रोज दहा जणांना हे सांगते मी. "साखर सोडली हो सिस्टर, गुळाचंच खातो," असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि माझ्या स्वतःच्या घरात, माझ्याच शब्दावरून, अख्खी गल्ली त्या माणसाला मायेनं गूळ पाजत होती. मी साखर म्हणाले तेव्हा गुळाचं नाव का घेतलं नाही? कारण मला बस गाठायची होती.

त्या दिवशी मी बोलू नये ते बोलले. आई रडली. अण्णा उठले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि मला म्हणाले, "तिला बोलू नको. दिलं तिनं, पिलो मी. माझं तोंड का कुणी धरलं होतं?" दाराशी जाऊन ते पुन्हा वळले. "उद्यापासून फिक्का. पण उद्या येणार. आधण ठेव, अक्का."

खरंच फिक्का प्यायला लागले. तोंड वाकडं करून, पण सुर्रकन आवाज तसाच. पायी यायला लागले. आता सगळं मार्गी लागेल असं मला वाटायला लागलं होतं, तेवढ्यात तुरीच्या खळ्यावर ते कोसळले.

डोक्यातली शीर. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गुलबर्ग्याला नेलं. मी पोचले तेव्हा गंगूअक्का, अण्णांची बायको, बाकड्यावर बसल्या होत्या. त्या आमच्या गल्लीत कधी आल्या नव्हत्या. मला बघून त्यांनी मान फिरवली आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी घरात फिक्का देत होते. बिनमिठाचं वरण देत होते. तुमच्या गल्लीनं पाजून पाजून घेतला माझा माणूस."

माझ्या ओठांवर दहा उत्तरं आली. नुसत्या चहानं असं होत नाही, अक्का. गोळी अर्धी कुणी केली? पोट काय आमच्या गल्लीत वाढलं? आणि तुमच्या सासऱ्यानं कोनाड्यात कप ठेवला नसता, तर तुमच्या नवऱ्याला एका साध्या "नको"ची एवढी भीती वाटली असती का? सगळी उत्तरं खरी होती. पण मी त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी तो काढून घेतला.

मला राग येतो तो याचाच. दोन पिढ्या आमच्या हातचं पाणी कुणी प्यालं नाही, त्याची टोचणी कुणाला लागल्याचं मी ऐकलं नाही. एक माणूस येऊन प्याला, आणि टोचणी आमच्याच वाट्याला आली. आई तर त्या बातमीनंतर चहाच्या पातेल्याकडे बघेना. "मीच मारलं गं त्याला," एवढंच घोकत बसायची. आणि मी तिची समजूत घालायची, तेव्हा मला ठाऊक असायचं की गुळाचा खडा तिनं टाकला असला तरी अर्धवट सांगणारी मीच होते.

अण्णांना घरी आणल्यावर मी आईला घेऊन त्यांच्याकडे गेले. आई त्या घरात कामाला हजारदा गेली होती, मागच्या दारानं. पुढच्या दारानं ही पहिली खेप. उंबऱ्याशी ती अडखळली. गंगूअक्का आतून आल्या, आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "आत या. तिथं नका थांबू."

अण्णा खिडकीजवळच्या खाटेवर होते. पोट उतरलं होतं, तोंड एका बाजूला ओघळलं होतं. किल्ली उशाशी होती. आईला बघून त्यांचा डावा डोळा हसला, आणि डाव्या हातानं त्यांनी गंगूअक्काला खूण केली. बशी धरल्याची. तोंडाशी नेल्याची.

गंगूअक्कांनी पदर खोचला. मग आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. घरातलेच कप, त्यांच्या घरची माणसं पितात तेच. "फिक्का हाय," त्या म्हणाल्या. "ह्या घरात आता साखरही येत न्हाई, गूळही न्हाई."

आईनं कप दोन्ही हातांत धरला आणि प्याली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती पीत होती. अण्णांना डॉक्टरांनी पातळ काही द्यायला मनाई केली होती, ठसका लागायचा. ते नुसते बघत होते. आईनं कप संपवला आणि लगेच पाणी मागितलं. तांब्या रिकामा केला. गंगूअक्कांनी पुन्हा भरून आणला, तोही अर्धा संपला. अण्णांची नजर त्या तांब्यावरून हलत नव्हती.

मी पिशवीतून यंत्र काढलं. त्यांच्या चांगल्या, डाव्या दंडाला पट्टा बांधायला वाकले, तर त्यांनी हात ओढून घेतला.

"अण्णा, बघू द्या हो. लगेच होतं."

त्यांनी हात आणखी लांब नेला. मी पुन्हा धरला, त्यांनी पुन्हा सोडवून घेतला. मला वाटलं, कंटाळलेत, रागावलेत. गंगूअक्का म्हणाल्या, "राहू दे." तेवढ्यात त्यांनी पट्टा माझ्या हातातून ओढला, कसाबसा उचलला, आणि आईच्या मांडीवर टाकला. बोट आईकडे. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. पण दर रविवारी चारचौघांत मी हसण्यावारी नेलेलं ते वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. आधी घरच्याचं बघ.

आई म्हणाली, "माझं कामून? मला काय झालंय?"

मी तिच्या दंडाला पट्टा बांधला. तो दंड किती बारीक झाला होता, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. नुसती कातडी आणि हाड. मी म्हणत होते, वय झालं, वाळायलीय. इतकी वर्षं अण्णांच्या एकेका कपाबरोबर तिचाही कप रिकामा झाला होता, तो पाक आणि तो गूळ तिच्याही पोटात गेला होता, आणि यंत्र तिच्यापासून हातभर अंतरावर असायचं. थोरल्या घरच्या माणसाचा दंड हातात घ्यायला मला मिरवल्यासारखं वाटायचं. आईचा दंड काय, घरचाच.

हवा उतरत गेली. वरचा आकडा वर थांबला, खालचा खूप खाली. मधे तीच दरी.

मी पिशवीतली सुई काढली, तिच्या बोटाचा थेंब घेतला. साखर बघायच्या छोट्या यंत्रावरचा आकडा अण्णांच्याही वर होता; वाचला आणि यंत्र मुठीत दाबून धरलं.

"किती आलंय गं?" आईनं विचारलं. "बरं हाय न्हवं?"

खाटेवरून अण्णा माझ्याकडे बघत होते. वाचा त्यांची गेली होती.

"बोल की. कामून गप बसलीस?"

गंगूअक्कांनी आईपुढचा रिकामा कप उचलला, आईच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिच्या शेजारी खाली जमिनीवर बसल्या.